थरथरत्या हातांचा सर्जन

मे 1935. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन हे टायरच्या कारखान्यांचं गाव. मदर्स डेच्या आदल्या दिवशी डॉ. रॉबर्ट स्मिथ पत्नीसाठी झाडाची मोठी कुंडी घेऊन घरी आले आणि दारूच्या अमलाखाली तिथेच आडवे झाले. पुढे जगभर ‘डॉ. बॉब’ म्हणून ओळखला गेलेला हा माणूस गुदविकारांचा सर्जन होता.

1879 साली व्हरमाँट राज्यात न्यायाधीशाच्या घरी त्यांचा जन्म झाला. पिणं सुरू झालं ते डार्टमथ कॉलेजात. वैद्यकीय शिक्षण दारूपायी रखडलं आणि पदवी हाती पडेपर्यंत 1910 उजाडलं. अ‍ॅक्रनला प्रॅक्टिस सुरू केल्यावर तब्येत इतकी ढासळली की वडिलांनी गावाकडून एक डॉक्टर पाठवून मुलाला घरी नेलं. अमेरिकेत दारूबंदी आली तेव्हा आता आपण सुटलो असं त्यांना वाटलं. पण डॉक्टरांना औषधी दारू लिहून द्यायची मुभा होती! बाटल्या कोळशाच्या पेटीत, तळघराच्या तुळयांवर, अगदी पायमोज्यांतही लपवल्या जात. दिवसा हात थरथरू नयेत म्हणून गुंगीची औषधं, रात्री झोप यावी म्हणून दारू. आमच्या ओपीडीत येणाऱ्या रुग्णांच्या बायका हीच कहाणी सांगतात, फक्त कोळशाच्या पेटीऐवजी तांदळाचा डबा असतो.

त्यांना मदत मिळाली नव्हती असं नाही. यकृताचं काय होतं हे त्यांना स्वतःलाच ठाऊक होतं. पत्नी अ‍ॅनच्या आग्रहाखातर अडीच वर्षं ते एका धार्मिक गटाच्या बैठकांना जात होते. जात होते आणि पीतही होते.

त्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता, फार तर पंधरा मिनिटं बसू या अटीवर, ते एका परक्या माणसाला भेटले. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर व्यवहारातला माणूस. पाच महिन्यांपूर्वी दारू सोडलेली, अ‍ॅक्रनमधला सौदा नुकताच फिसकटलेला. हॉटेलातला बार खुणावत होता, तेव्हा दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोललो तरच आपण वाचू, या धडपडीत त्याने चर्चना फोन केले होते. म्हणजे बिल आला होता तो स्वतःला सावरण्यासाठी. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आम्ही डॉक्टर नेहमी वरच्या पायरीवरून बोलतो. इथे दोघं एकाच पायरीवर होते. पंधरा मिनिटांची भेट सहा तास चालली.

तरीही डॉक्टर एकदा घसरलेच. वैद्यकीय परिषदेला अटलांटिक सिटीला गेले आणि बेशुद्धीपर्यंत प्यायले. परत आल्यावर 10 जूनला सकाळी एक शस्त्रक्रिया ठरलेली होती. हात स्थिर राहावेत म्हणून बिलने त्यांना बिअरची एक बाटली दिली. तीच शेवटची. (आज हे कुणी करू नये. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखाली डायझेपामसारखी औषधं आणि बी-1 जीवनसत्त्व लागतं.) ऑपरेशन आटोपून डॉक्टर लगेच घरी आले नाहीत, ज्यांचं देणं होतं, ज्यांना दुखावलं होतं, त्यांच्या दारी जाऊन आले. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’, म्हणजे ए. ए., हाच आपला स्थापनादिन मानते.

लगेच दोघांनी अ‍ॅक्रनच्या इस्पितळात तिसरा माणूस शोधला, एक वकील. तोही सुधारला. डॉक्टरांची तलफ मात्र अडीच वर्षं गेली नव्हती. व्यसन सुटलं म्हणजे ओढ संपली असं समजून महिन्याभरात निराश होणाऱ्या घरच्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

1939 पासून सेंट थॉमस इस्पितळात सिस्टर इग्नेशिया या जोगिणीच्या साथीने त्यांनी सुमारे 5,000 मद्यपींवर उपचार केले, फी न घेता. मद्यपीला खाट द्यायला तेव्हा इस्पितळं नाखूश असत.

अशा बैठकांवर डॉक्टरमंडळींचा, माझाही, बराच काळ विश्वास नव्हता. 2020 साली कॉक्रेनच्या आढाव्यात 27 अभ्यास आणि 10,565 सहभागी एकत्र तपासले गेले. संपूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत ए. ए.कडे पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, आणि औषधांची गरजही संपत नाही. बैठकीला फी नसते, नाव सांगावं लागत नाही आणि महाराष्ट्रात मराठीतूनही बैठका चालतात.

अ‍ॅन 1949 मध्ये गेली. डॉ. बॉब 16 नोव्हेंबर 1950 रोजी कर्करोगाने वारले. 1935 नंतर त्यांनी दारूला स्पर्श केला नव्हता. अ‍ॅक्रनमधल्या त्यांच्या थडग्यावर ए. ए.चा उल्लेखही नाही.