गायनाचार्य विष्णु दिगंबर

आज शाळेच्या वार्षिक संमेलनात मुलामुलींचा वाद्यवृंद वाजतो, ध्वजवंदनाच्या वेळी शेकडो कंठांतून एकच गीत निघते आणि संगीताच्या परीक्षेत यश मिळविणाऱ्या मुलाचे घरीदारी कौतुक होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र परिस्थिती फार निराळी होती. त्या काळी लोकांना गाणे आवडे, पण गाणाऱ्यास समाजात मान नसे. मुलगा गाण्याच्या नादी लागला, की तो वाया गेला, असे वडीलधाऱ्यांना वाटे. कित्येक कलावंतांना जडलेली व्यसने आणि त्यांचे अनियमित वागणे यांमुळे ही समजूत अधिकच दृढ झाली होती. ही स्थिती पालटण्यासाठी ज्यांनी आपले सर्व आयुष्य वेचले, त्यांत पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे नाव अग्रभागी आहे.

विष्णूचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. पटवर्धन घराण्याच्या संस्थानाचे हे गाव कृष्णा आणि पंचगंगा यांच्या परिसरात वसलेले आहे. वडील दिगंबरबुवा हे कीर्तनकार होते. त्यांच्या कीर्तनात मागे उभा राहून लहानगा विष्णू सूर धरी. त्याचा आवाज गोड होता आणि बुद्धीही तल्लख होती. शाळेत शिकून त्याने चांगली नोकरी मिळविली असती, यात शंका नव्हती. परंतु दैवाच्या मनात काही वेगळेच होते. जवळच्या नरसोबाच्या वाडीस दत्तजयंतीचा उत्सव चालू असता शोभेच्या दारूचा स्फोट त्याच्या चेहऱ्याजवळ झाला. मुलाचा जीव वाचला, पण दृष्टी फार अधू झाली. पुस्तक वाचणे कठीण होऊन बसले आणि शाळेची वाट बंद झाली.

उपचारासाठी त्याला मिरजेस नेण्यात आले. डोळे पूर्ववत होण्याची आशा उरली नाही, तेव्हा ज्याचे कान तीक्ष्ण आणि कंठ सुरेल आहे त्याने गायनविद्या शिकावी, असा सल्ला तेथील डॉक्टर भडभडे यांनी दिला. मिरजेच्या अधिपतींनी मुलाच्या शिक्षणाचा भार उचलला आणि त्याला पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्या हाती सोपविले. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणणारे हे थोर गायक होते. त्यांच्यापाशी विष्णूने अनेक वर्षे कठोर मेहनत केली. त्या काळी गुरूच्या घरी राहावे, पडेल ते काम करावे आणि गुरूच्या मनात येईल तेव्हा विद्या ग्रहण करावी, अशी रीत होती. आज काय शिकवावयाचे आणि उद्या काय, याचा कोणताही क्रम ठरलेला नसे. शिकलेले लिहून ठेवण्याचीही सोय नव्हती. या पद्धतीचे गुण आणि दोष दोन्ही विष्णूच्या ध्यानात राहिले.

मिरजेस असताना घडलेली एक गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली, असे सांगतात. गावातील एका समारंभासाठी प्रतिष्ठित मंडळींना निमंत्रणे गेली. संस्थानिकांचा लोभ असल्यामुळे विष्णुबुवांनाही बोलावणे आले, परंतु त्यांच्या गुरूंना मात्र कोणी बोलाविले नाही. चौकशी करता कळले, की बाळकृष्णबुवा हे केवळ गवई असल्यामुळे त्यांना बोलाविण्याची गरज कोणास वाटली नव्हती. ज्या पुरुषाच्या गायनाने दरबार डोलत असे, त्याला सभेत बसावयास आसन मिळू नये, याचे शिष्याला अतिशय दुःख झाले. गाणाऱ्याला समाजात मानाचे स्थान मिळवून द्यावयाचेच, असा निश्चय त्यांच्या मनात रुजला.

सन १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. राजाश्रय हाती असताना तो सोडून अनोळखी प्रदेशात जाणे हे धाडसाचे काम होते. बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास करीत ते पंजाबात पोहोचले. या प्रवासात त्यांनी एक नवा पायंडा पाडला. संगीताच्या बैठकी तोवर राजवाड्यांत आणि धनिकांच्या दिवाणखान्यांत होत असत. विष्णुबुवांनी सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर कार्यक्रम केला. ज्याला गाणे ऐकण्याची इच्छा आहे, त्या कोणाही सामान्य मनुष्यासाठी संगीताचे दार त्यांनी अशा रीतीने उघडले. कलावंताने कोणा एकाच्या मर्जीवर न जगता लोकांच्या आधारावर जगावे, हा त्यातील हेतू होता.

५ मे १९०१ रोजी आज पाकिस्तानात असलेल्या लाहोर शहरी त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. त्यापूर्वी १८८६ साली बडोद्यास मौलाबक्ष यांनी गायनशाळा काढली होती, परंतु तिच्या पाठीशी संस्थानचा खजिना होता. लाहोरच्या विद्यालयाला लोकांच्या देणग्या आणि विष्णुबुवांच्या जलशांचे उत्पन्न यांखेरीज दुसरा आधार नव्हता. परका प्रांत, परकी भाषा आणि हाती तुटपुंजा पैसा! आरंभी तर विद्यार्थीच येईनात. तरीही बुवा ठरलेल्या वेळी विद्यालयाचे दार उघडीत, तंबोरा जुळवीत आणि रिकाम्या खोलीत एकटेच गात बसत. शिकणारा आला नाही म्हणून शिकविणाऱ्याने वेळ चुकवावी, हे त्यांना मान्य नव्हते. हळूहळू विद्यार्थी येऊ लागले. विद्यालय असे बाल्यावस्थेत असतानाच वडिलांच्या मृत्यूची दुःखद वार्ता आली. नुकतेच लावलेले रोप आपण दूर गेल्यास सुकून जाईल, हे जाणून त्यांनी अंतःकरण घट्ट केले आणि ते लाहोरातच राहिले.

विद्यालयाचे काम एखाद्या उत्तम शाळेप्रमाणे चाले. कोणत्या वर्षी कोणते राग शिकवावयाचे, याचा अभ्यासक्रम ठरलेला असे. वेळापत्रक असे, परीक्षा असत. स्वर आणि ताल कागदावर लिहून ठेवता यावेत म्हणून पंडितजींनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली. पाठ्यपुस्तके नव्हती, ती त्यांनी लिहिली आणि छापण्यासाठी विद्यालयाचा छापखाना उभारला. १९०५ साली ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिकही सुरू केले. वाद्ये दुरुस्त करण्याची व्यवस्था विद्यालयातच होती. स्त्रियांसाठी निराळे वर्ग होते, आणि ही त्या काळात मोठ्या धैर्याची गोष्ट होती. ज्या मनुष्याला डोळ्यांच्या दोषामुळे स्वतःची पुस्तके बाजूला ठेवावी लागली, त्याच्या हातून इतरांसाठी इतकी पुस्तके निर्माण व्हावीत, हे विशेष होय.

या सर्वांहून अधिक लक्ष पंडितजी विद्यार्थ्यांच्या वर्तनाकडे देत. विद्यालयात उपदेशक वर्ग नावाचा एक खास वर्ग होता. पुढे संगीताचे शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या मुलांना त्यात घेतले जाई. त्यांच्या जेवण्याराहण्याचा खर्च विद्यालय करी आणि त्याबदली दीर्घ मुदतीपर्यंत तेथेच राहून शिक्षण पुरे करण्याचे बंधन मुलांवर असे. मिरजेहून लाहोरास गेलेले विनायकराव पटवर्धन तेव्हा अवघे नऊ वर्षांचे होते. अशा लहान मुलांनी आईबापांपासून शेकडो कोस दूर राहावयाचे, पहाटे उठावयाचे, नेमाने मेहनत करावयाची आणि आश्रमातील कामेही करावयाची, असा क्रम असे. कपडे स्वच्छ असले पाहिजेत, वेळ पाळली पाहिजे आणि कोणतेही व्यसन जवळ येता कामा नये, याविषयी पंडितजी अत्यंत कडक होते. वरच्या वर्गातील मुले खालच्या वर्गातील मुलांना शिकवीत. त्यामुळे शिकलेली विद्या पक्की होई आणि ती वाटून देण्याची सवयही लागे.

ही शिस्त कोणाला जाचक वाटली असेल. परंतु तिच्यामागे खोल विचार होता. गवयाला समाज नावे ठेवतो, तर ते समाजाशी भांडून थांबणार नाही, हे पंडितजींनी ओळखले होते. संगीत शिकणारा मुलगा वागण्यात, बोलण्यात आणि राहण्यात इतरांपेक्षा उणा नाही, असे लोकांना प्रत्यक्ष दिसले पाहिजे. मग कोणताही पिता आपल्या मुलाला गाणे शिकविण्यास कचरणार नाही. म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या वर्तनावर साऱ्या संगीतविद्येची प्रतिष्ठा अवलंबून होती.

या शिस्तीची परीक्षा जाहीर कार्यक्रमांत होई. पंडितजी आपल्या शिष्यांना घेऊन गावोगावी जात. कार्यक्रमात शिष्यांचे एकत्र गायन असे आणि निरनिराळ्या वाद्यांचे वादनही असे. एकट्याने गाताना गायकाला पुष्कळ मोकळीक असते. परंतु दहा जणांनी मिळून गावयाचे, तर प्रत्येकाला दुसऱ्याकडे कान द्यावा लागतो. एकाचा तंबोरा किंचित उतरला, तरी सर्वांचा सूर बिघडतो. एकाने मात्रा चुकविली, तर सम सर्वांचीच चुकते. आवाज मोठा आहे म्हणून एखाद्याने तो पुढे रेटला, तर गीत गीत न राहता कोलाहल होतो. म्हणून मेळ्यात भाग घेणाऱ्याने वेळेवर यावे, आपले वाद्य आधी जुळवून ठेवावे, आपला भाग घरी पक्का करावा आणि स्वतःला मिरविण्यापेक्षा सर्वांचा मेळ जपावा, हे त्यांना ओघानेच शिकावे लागे. जाहीर केलेल्या वेळेस कार्यक्रम सुरू झालाच पाहिजे, असा पंडितजींचा दंडक होता. श्रोत्यांनीही शांतपणे बसून ऐकावे, अशी त्यांची अपेक्षा असे. ज्या कलेला आपण मान मागतो, तिला प्रथम आपण मान दिला पाहिजे, ही शिकवण त्यांनी गवयांना आणि रसिकांना सारखीच दिली.

१९०८ साली मुंबईस गांधर्व महाविद्यालयाची शाखा निघाली. विद्यार्थ्यांची संख्या झपाट्याने वाढली, तेव्हा कर्ज काढून तेथे विद्यालयासाठी मोठी इमारत बांधण्यात आली. अत्यंत गरिबीतून आलेले ओंकारनाथ ठाकूर याच मुंबईच्या विद्यालयात शिकले. त्यांची योग्यता ओळखून पंडितजींनी वयाच्या विशीच्या सुमारासच त्यांच्यावर लाहोरच्या विद्यालयाची धुरा सोपविली. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत ‘वंदे मातरम्’ गाण्याचा मान पंडितजींना लाभला. महात्मा गांधींच्या साबरमती आश्रमात प्रार्थनेसाठी संगीतज्ञ हवा होता, तेव्हा त्यांनी आपले शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना तेथे धाडले. १९३० साली गांधीजींबरोबर दांडीस पायी चालत गेलेल्या सत्याग्रहींत हे खरे गुरुजीही होते.

परंतु इमारतीचे कर्ज काही केल्या फिटेना. पंडितजी दूरदूर जाऊन कार्यक्रम करीत आणि मिळेल तो पैसा विद्यालयात ओतीत. इतक्या मुलांच्या अन्नवस्त्राचा खर्च मोठा होता, आणि ज्याच्याजवळ पैसा नाही अशा मुलाला परत पाठविणे त्यांच्या स्वभावात नव्हते. अखेर १९२४ साली ती इमारत लिलावात गेली. जन्मभराच्या कष्टांचे फळ डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या हाती गेले! दुसरा एखादा मनुष्य या आघाताने खचून गेला असता. पंडितजींचे मन त्या सुमारास रामभक्तीकडे वळले होते. नाशिक येथे त्यांनी रामनाम-आधाराश्रम स्थापन केला होता. तेथे शिष्यांना जवळ ठेवून रामायणाचे गायन आणि विद्यादान त्यांनी चालूच ठेवले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचा देहान्त झाला. ज्या गावी त्यांनी पहिला स्वर शिकला, त्याच गावी त्यांच्या जीवनाची समाप्ती झाली.

इमारत गेली, पण विद्यालय गेले नाही. कारण पंडितजींनी खरे विद्यालय दगडविटांचे न बांधता माणसांचे बांधले होते. त्यांच्या निधनानंतर त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादेस एकत्र जमून गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. लहानपणी लाहोरास गेलेल्या विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यास गांधर्व महाविद्यालय सुरू केले. बी. आर. देवधर यांनी मुंबईस संगीताची शाळा चालविली. ओंकारनाथ ठाकूर काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात संगीत महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. पंडितजींचे पुत्र दत्तात्रेय वडील गेले तेव्हा अवघे दहा वर्षांचे होते. त्यांना पंडितजींच्या शिष्यांनीच शिकवून नामवंत गायक केले. गुरूने लावलेल्या शिस्तीचे यापेक्षा अधिक चांगले फळ कोणते असू शकेल?

पुणे जिल्ह्यात मुळशीच्या डोंगरांतील एखाद्या लहानशा शाळेत मुले ढोल-लेझीम घेऊन रांगेत उभी राहोत, अथवा शहरातील मोठ्या शाळेचा वाद्यवृंद संमेलनासाठी सज्ज होवो, वेळेवर येणे, वाद्य सांभाळणे, दुसऱ्याकडे कान देणे आणि आपला भाग चोख बजावणे हे नियम सर्वत्र सारखेच आहेत. शाळेतील मुलाने उजळ माथ्याने गावे आणि वाजवावे, अशी स्थिती आपोआप आलेली नाही. तिच्यासाठी एका अधू दृष्टीच्या पुरुषाने रिकाम्या खोलीत तंबोरा जुळवून विद्यार्थ्यांची वाट पाहिली आहे. जो मुलगा वा जी मुलगी मेळ्यातील आपले स्थान निष्ठेने सांभाळते, ती विष्णु दिगंबरांचे ऋण काही अंशी फेडीत असते.