बालगंधर्व आणि आज्जीची कॅसेट

बालगंधर्वांचे खरे नाव नारायण श्रीपाद राजहंस. त्यांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. मूळ गाव सांगली जिल्ह्यातले नागठाणे. लहान असताना पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्यांचे गाणे ऐकले आणि त्यांना बालगंधर्व म्हटले. तेव्हापासून तेच नाव पडले. पुढे म्हातारे झाले तरी लोक त्यांना बालगंधर्वच म्हणत, याची मला गंमत वाटते.

माझ्या आज्जीकडे त्यांच्या नाट्यगीतांची एक कॅसेट आहे. निरनिराळ्या वर्षी तबकड्यांवर भरलेली गाणी गोळा करून ती काढलेली आहे. म्हणून तिच्यात तरुणपणीचा आवाज आणि उतारवयातला आवाज पाठोपाठ ऐकू येतो. आमचा टेप बिघडला आहे. मग बाईंनी तशीच गाणी मोबाइलवर लावून वर्गाला ऐकवली. आम्ही पहिल्यांदा हसलोच. एक तर खरखर फार, आणि गाणारी बाई आहे की माणूस तेच कळेना!

त्याचे कारण असे, की त्या काळी बायकांनी नाटकात काम करणे चांगले समजत नसत. पुरुषच लुगडे नेसून बायकांची कामे करत. नारायणरावांना लहानपणी ऐकायला कमी येई. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांच्यावर मिरजेला औषधोपचार करवले. मग १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले आणि शकुंतला झाले. ते इतके हुबेहूब दिसत, की त्यांचे पाहून शहरातल्या बायका लुगडे नेसू लागल्या आणि केसांत तशीच फुले माळू लागल्या.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत खाडिलकरांच्या मानापमान नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. सगळ्यांना वाटले, आता खेळ बंद. पण नारायणरावांनी खेळ रद्द होऊ दिला नाही. लोक लांबून आले होते, तिकिटे गेली होती. तोंडाला रंग लावून ते भामिनी झाले आणि सबंध नाटकभर गायले. यावर आमच्या वर्गात भांडण झाले. काही जण म्हणाले, केवढा मोठा माणूस. मला तसे वाटले नाही. त्यांनी घरी थांबायला पाहिजे होते. मी घरी आईला विचारले, तर ती भाकरी थापता थापता थांबली आणि काहीच बोलली नाही. कॅसेटवर मानापमानातली गाणी लागली, की मला आता तीच मुलगी आठवते.

१९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ साली स्वयंवर आले. त्याच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या. १९१९ साली एकच प्याला आले. ते लिहिणारे गडकरी नाटक रंगभूमीवर येण्याआधीच वारले होते. एरवी शालू नेसणारे बालगंधर्व त्यात गरीब सिंधू झाले. तबल्याला अहमदजान थिरकवाँ यांच्यासारखे नामांकित वादक असत. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी त्यांनी केशवराव भोसले यांच्याबरोबर मानापमान केले. दोन कंपन्यांचे दोन राजे एका रंगमंचावर! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले.

आता तबकडीविषयी सांगते. चावीच्या ग्रामोफोनची तबकडी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच वाजे. पहिल्या काळात मायक्रोफोन नव्हता, मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून गावे लागे. नाटकात मात्र लोक वन्समोअर देत आणि तेच पद ते कितीतरी वेळ, दर वेळी वेगळे गात. रात्री सुरू झालेले नाटक पहाटे संपे. म्हणजे कॅसेटवर आहे ते पातेल्यातले एक शीत. बाकीचे ज्यांनी ऐकले, त्यांच्याबरोबर गेले.

कंपनीत खर्च फार. भारी कपडे, गालिचे, अत्तरे. हिशेबाकडे लक्ष नव्हते. मोठे कर्ज झाले, तेव्हा नाटके करून त्यांनी ते फेडले. माझ्या मते हिशेब आधी शिकले असते तर बरे झाले असते. मग बोलपट आले आणि नाटकाची गर्दी ओसरली. १९३५ साली प्रभातच्या धर्मात्मा चित्रपटात ते संत एकनाथ झाले. पण सिनेमात त्यांचे मन रमले नाही, ते परत नाटकाकडे आले. उतारवयात पाय अधू झाले, तरी बसून भजने म्हणत. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी ते पुण्यात वारले. पुढच्याच वर्षी २६ जूनला, त्यांच्या जन्मदिवशी, पुण्यातले बालगंधर्व रंगमंदिर सुरू झाले.

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला आवाज जड झालेला कळतो. श्वास मध्येच घ्यावा लागतो, पण सूर सुटत नाही. आज्जीला तीच बाजू आवडते. ती पालकसभेला येणार आहे. तेव्हा मधल्या सुट्टीत बाई मोबाइलवर तीच गाणी लावणार आहेत.

इयत्ता ७ वी