परळचे हाफकिन

पार्ल्याहून गाडीने दादरला उतरून परळकडे गेलात तर हाफकिन संस्था लागते. ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या गृहस्थांची ही हकीकत.

वाल्डेमार हाफकिन १८६० साली ओडेसा येथे ज्यू कुटुंबात जन्मले. शिक्षण प्राणिशास्त्राचे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. आता आपणच हिशेब मांडून पाहा. मुंबईची वस्ती तेव्हा सुमारे आठ लाख. काही महिन्यांत जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले. व्यापार बसला. सरकारने घरझडत्या, विलगीकरणाच्या छावण्या व औषधी फवारे यांवर पैसा ओतला. सक्ती एवढी की ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात आपल्या मोमीन विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीवरून दंगल पेटली.

दुसऱ्या बाजूला काय होते? ग्रँट मेडिकल कॉलेजात थोडीशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर हाफकिन यांनी सुमारे तीन महिन्यांत प्लेगची लस बनविली व १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःस टोचली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैदी राजीखुशीने पुढे आले.

लस फुकटची नव्हती, हेही सांगितले पाहिजे. ताप येई, रोजंदारीवाल्याचा रोज बुडे, शिवाय संरक्षण पूर्ण नसे. लोकांची भीती घालविण्यासाठी तरुण आगाखान यांनी सर्वांसमक्ष लस घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली. (२०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेत माझ्या वर्गातील एका वडिलांनी परीक्षा जवळ आली म्हणून नकार कळविला होता. त्यांची समजूत घालताना मला आगाखानांची आठवण झाली.)

१९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ती १९ माणसे सर्वांना दिसली. लसीमुळे जी वाचली ती कोणती, हे कोणालाच दाखविता येईना. हाफकिन यांना कामावरून दूर केले गेले. बाटली उघडणाऱ्याच्या हातून पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, हे पुढे मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. त्यासाठी रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना लेखणी उचलावी लागली.

ते परत आले, पण मुंबईत नव्हे, कलकत्त्यास. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले, तेव्हा ते युरोपात होते. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.