गुरूच्या ढगांना घड्याळ लावणारे कॅसिनी

पावसाळ्यात उमरोळीच्या भातखाचरांवरून समुद्राकडचे ढग सरकत जातात. एखादा ढग नजरेत धरून तो किती वेळात किती पुढे गेला हे पाहिले, की वरच्या वाऱ्याचा अंदाज येतो. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी जोव्हान्नी डोमेनिको कॅसिनी यांनी हीच रीत गुरू ग्रहाला लावली.

कॅसिनी यांचा जन्म १६२५ मध्ये आजच्या इटलीतील पेरिनाल्दो गावी झाला. पंचविशीतच ते बोलोन्या विद्यापीठात खगोलशास्त्राचे प्राध्यापक झाले. रोमचे भिंगे घडवणारे ज्युसेप्पे कॅम्पानी यांच्या दुर्बिणींतून त्यांनी गुरूवरचे पट्टे आणि डाग पाहिले. एखादा डाग फिरून समोर यायला किती वेळ लागतो, हे ते टिपत राहिले. १६६५ मध्ये उत्तर मिळाले : ९ तास ५६ मिनिटे. पृथ्वीच्या अकरापट व्यासाचा हा ग्रह दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरत होता.

१६६९ मध्ये चौदाव्या लुईच्या बोलावण्यावरून ते पॅरिसला गेले. तिथे त्यांनी शनीचे चार उपग्रह आणि कड्यांमधली फट शोधली. गुरूचा नाद मात्र सुटला नाही. १६९० च्या सुमारास एक कोडे पुढे आले. विषुववृत्ताजवळचे डाग इतरांपेक्षा सुमारे पाच मिनिटे आधी फेरी पुरी करत होते. डाग टणक पृष्ठभागावर असते, तर असे घडले नसते. मोजण्यात चूक झाली म्हणून एक आकडा सोडून देणे सोपे होते. कॅसिनींनी हा फरक नोंदवला. ती पाच मिनिटे म्हणजे विषुववृत्तावरचा ताशी साडेतीनशे किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

कॅसिनी प्रत्येक बाबतीत बरोबर नव्हते. गुरूच्या उपग्रहांच्या ग्रहणांवरून प्रकाशाला ठरावीक वेग असल्याचे रोमर यांनी मांडले, ते त्यांना पटले नाही. अखेरच्या काळात त्यांची दृष्टी गेली. १७१२ मध्ये पॅरिसला त्यांचे निधन झाले.

त्यांनी पाहिलेला मोठा डाग पुढे दिसेनासा झाला. आजचा प्रसिद्ध तांबडा डाग बहुधा वेगळाच आहे, असे २०२४ मधील अभ्यास सांगतो. २००० च्या अखेरीस त्यांच्याच नावाचे यान गुरूजवळून गेले आणि त्याने ढगांची हजारो छायाचित्रे घेतली. पुढे जुनो यानाच्या मोजणीतून हे वारे सुमारे ३,००० किलोमीटर खोल जातात असे दिसले. या अभ्यासाची सुरुवात झाली ती दुर्बीण, घड्याळ आणि न टाळलेल्या पाच मिनिटांपासून.