फादर स्टीफन्स यांचे चाळीस नाताळ

मराठी भाषेची थोरवी गाणारा इंग्रज म्हणून फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव मराठी वाचकाला शाळेपासून परिचित असते. त्यांच्या ओव्या अनेकांना तोंडपाठही असतात. परंतु हा मनुष्य आपल्या मुलखापासून हजारो मैलांवर येऊन चाळीस वर्षे राहिला, त्यातला बहुतेक काळ त्याने गोव्याच्या सासष्टी महालात काढला आणि आपला सर्वांत मोठा सण परक्यांच्या भाषेत त्यांना सांगता यावा म्हणून एक पुराण रचले, ही हकीकत त्या मानाने कमी सांगितली जाते.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. ते वाढले तो काळ पहिल्या एलिझाबेथ राणीचा. १५५९च्या कायद्याने इंग्लंडात कॅथलिक मिस्सा बेकायदा ठरली होती. ज्यांना जुना धर्म सोडवत नव्हता, त्यांना नाताळची मिस्सा बंद दाराआड, नोकरचाकरांवरही नजर ठेवून करावी लागे. थॉमस पाउंड या मित्रासह स्टीफन्स रोमला जायला निघाले, तोच पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले.

४ एप्रिल १५७९ रोजी पाच जहाजांचा तांडा लिस्बनहून निघाला. त्यांपैकी एका जहाजावर स्टीफन्स होते. वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या प्रवासाचे जे वर्णन केले, ते पुढे इंग्लंडात छापले गेले. जहाजावर दीडशेहून अधिक लोक आजारी पडले आणि सत्तावीस दगावले. २४ ऑक्टोबरला गोव्याचा किनारा लागला. दोन महिन्यांत त्यांचा गोव्यातील पहिला नाताळ आला. थंडी नाही, शेकोटी नाही आणि लपाछपीही नाही. येथे त्यांचा धर्म हा राज्यकर्त्यांचा धर्म होता.

परंतु या मोकळेपणाला दुसरी बाजू होती. सासष्टीतील देवळे १५६७च्या सुमारास पाडली गेली होती, हिंदूंच्या सणाविधींवर बंधने आली होती, त्यांचे ग्रंथ जप्त होत होते. ज्या माणसाला मायदेशी आपला सण लपवावा लागे, तो आता दुसऱ्यांना त्यांचे सण लपवायला लावणाऱ्या सत्तेच्या बाजूला उभा होता. स्टीफन्स यांच्या चरित्रातील ही अडचण त्यांच्या गौरवपर लेखांत सहसा झाकली जाते. ती झाकू नये.

१५८३ हे वर्ष या दृष्टीने विलक्षण आहे. जुलैमध्ये कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना ठार मारले. त्यांत अकबराच्या दरबारी राहून आलेले रुदोल्फ आक्वाविवा होते. मृतदेह ताब्यात घ्यायला स्टीफन्स गेले. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारले. ऑक्टोबरात स्टीफन्स यांनी भावाला लिहिलेल्या पत्रात मात्र वेगळाच विषय आहे. येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी जुळते, असे त्यांनी त्यात नोंदवले. सर विल्यम जोन्स यांनी हाच विचार मांडला, त्याच्या दोनशे वर्षे आधी!

त्याच वर्षाच्या अखेरीस जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आणि त्यांचे दोन सोबती असे चार इंग्रज हेर असल्याच्या संशयावरून होर्मुझहून गोव्याच्या तुरुंगात आणले गेले. फिचच्या वृत्तांतानुसार २२ डिसेंबरला, म्हणजे ऐन नाताळच्या दिवसांत, ते जामिनावर सुटले. दोन हजार डुकाटांचे जामीनदार मिळवून देणाऱ्यांत फादर स्टीफन्स होते. त्या इंग्लंडात एडमंड कँपियन या इंग्रज जेझुइटाला दोनच वर्षांपूर्वी फासावर चढवले गेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या मदतीचे मोल कळते. १५८५च्या कायद्याने तर जेझुइट धर्मगुरूचे इंग्लंडात पाऊल ठेवणेच राजद्रोह ठरला. परतीची वाट आता उरली नव्हती.

पंचांगही दुरावले. पोर्तुगालने १५८२ मध्ये पोप ग्रेगरी यांचे नवे पंचांग स्वीकारले, इंग्लंडने १७५२ पर्यंत नाही. त्यामुळे स्टीफन्स गोव्यात मध्यरात्रीची मिस्सा म्हणत, तेव्हा त्यांच्या माहेरच्या गावात नाताळ यायला अजून दहा दिवस असत.

सासष्टीत राहताना त्यांना एक उणीव दिसली. नवख्रिस्ती झालेल्या लोकांच्या पिढ्यान्पिढ्या पुराणश्रवणात गेल्या होत्या. सणाच्या दिवशी एकत्र बसून ओव्या ऐकणे हा त्यांच्या सणाचाच भाग होता. तो काढून घेतला गेला आणि जागा रिकामी राहिली. ग्रंथाच्या प्रास्ताविकात स्टीफन्स यांनी प्रसंग घातला आहे तो असा: एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीला विचारतो की, जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्यासारखे दुसरे काही आम्हांला का देत नाही? प्रश्न रास्त होता आणि तो ग्रंथातच नोंदवण्याचा प्रामाणिकपणा स्टीफन्स यांनी दाखवला.

उत्तर म्हणून ‘ख्रिस्तपुराण’ आले. १६१६ मध्ये रायतूरच्या छापखान्यातून निघालेल्या या ग्रंथाचे मूळ पोर्तुगीज शीर्षकच येशू ख्रिस्ताच्या जगातील आगमनाविषयी आहे. सुमारे अकरा हजार ओव्या आणि दोन भाग. पहिल्यात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूचा जन्म व चरित्र. बेथलेहेमची कथा सांगताना त्यांनी ज्ञानदेव-एकनाथांनी रुळवलेला ओवीछंद वापरला, स्वर्गाला वैकुंठ म्हटले. एकनाथ १५९९ पर्यंत हयात होते. म्हणजे नाथांच्या हयातीतच हा इंग्रज मराठी शिकत होता. देशी अक्षरांचे खिळे पाडावेत म्हणून त्यांनी १६०८ मध्ये रोमला पत्र लिहिले. ते घडले नाही आणि मराठीचे हे पुराण रोमन लिपीत छापले गेले.

स्टीफन्स १६१९ मध्ये वारले. १५७९ पासून मोजले तर चाळीस नाताळ त्यांनी या भूमीत काढले. चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर, रविवारी व सणासुदीला, त्यांचे पुराण वाचले जाई. १६४९ व १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. मात्र १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने देशी भाषेचा वापर सोडण्याचा हुकूम काढला. छापील जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखिते जपली गेली आणि त्यांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला. विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातील देवनागरी प्रत मात्र लंडनला पोहोचली आणि तेथील एका विद्यापीठीय ग्रंथालयात आली.