टेडी बेअर बनवणाऱ्या कंपनीच्या संस्थापक मार्गारेट श्टाइफ कोण होत्या? पिनकुशनच्या हत्तीपासून कसा उभा राहिला उद्योग?

वाढदिवस असो, बारसं असो की व्हॅलेंटाइन डे, भेट म्हणून टेडी बेअर हमखास दिला जातो. त्याचं नाव अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षावरून पडलं, हे अनेकांना माहीत असतं. पण कापडाचे मऊ प्राणी शिवून त्याचा मोठा उद्योग उभा करणाऱ्यांमध्ये जर्मनीतल्या एका महिलेचं नाव आघाडीवर आहे. मार्गारेट श्टाइफ असं त्यांचं नाव.

त्यांना चालता येत नव्हतं आणि उजवा हातही नीट साथ देत नव्हता. त्यांच्या कारखान्याची सुरुवात मात्र अस्वलापासून झाली नाही. ती झाली एका हत्तीपासून, आणि तो हत्तीही मुळात खेळणं नव्हता.

दीड वर्षांची असताना आलेला ताप

मार्गारेट यांचा जन्म २४ जुलै १८४७ रोजी दक्षिण जर्मनीतल्या गिंगेन या छोट्या गावात झाला. वडील बांधकाम व्यावसायिक होते. चार भावंडांमध्ये त्या तिसऱ्या. दीड वर्षाच्या असताना त्यांना ताप आला. ताप उतरला, पण पाय लुळे पडले आणि उजवा हात कमजोर झाला. तो पोलिओ होता.

पल्स पोलिओचे डोस आपल्या ओळखीचे आहेत. त्या काळी लस सोडाच, हा आजार कशामुळे होतो हेही डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. पोलिओचा विषाणू ओळखला गेला १९०८ मध्ये, तर पहिली लस वापरात आली १९५५ मध्ये.

मार्गारेट नऊ वर्षांच्या असताना त्यांना उपचारांसाठी लुडविग्सबुर्गला नेण्यात आलं. नंतर वाइल्डबाडच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवरही नेलं. फरक पडला नाही. शाळेत जाण्यासाठी त्यांना हातगाडीत बसवून न्यावं लागे. लग्न होणार नाही, मग हिचं पुढे कसं होणार, ही घरच्यांची चिंता होती. एकोणिसाव्या शतकातल्या गावात ती साधी नव्हती. तरुणपणी मार्गारेट यांनी उपचारांमागे धावणं सोडलं आणि आहे त्या शरीरानिशी काय करता येईल, याकडे लक्ष वळवलं.

मशीन उलटं फिरवलं

उजव्या हाताचा त्रास असूनही त्यांनी शिवणाच्या शाळेत प्रशिक्षण पूर्ण केलं. बहिणींसोबत त्या बायकांचे कपडे शिवू लागल्या. त्या झिथर हे तंतुवाद्यही शिकल्या होत्या आणि त्याच्या शिकवण्या घेत. कमाईतून घरी शिवणयंत्र आलं.

इथे नवी अडचण आली. शिवणयंत्राचं चाक उजव्या बाजूला असतं आणि नेमका तोच हात त्यांना साथ देत नव्हता. त्यांनी मशीनच उलटं फिरवून ठेवलं. चाक डाव्या हाताशी आलं आणि काम सुरू झालं.

१८७४ मध्ये वडिलांनी घरातच त्यांच्यासाठी कामाची खोली तयार करून दिली. १८७७ मध्ये मार्गारेट यांनी फेल्टच्या कपड्यांचा स्वतःचा व्यवसाय सुरू केला. फेल्ट म्हणजे लोकरीचे तंतू दाबून तयार केलेलं जाड कापड. ते विणलेलं नसतं, त्यामुळे कापल्यावर कडेचे धागे सुटत नाहीत. नातेवाइकांचा फेल्टचा कारखाना गिंगेनमध्येच होता. फेल्टच्या परकरांना चांगली मागणी आली.

हत्ती झाला, पण मुलांनी पळवला

डिसेंबर १८७९ मध्ये एका फॅशन मासिकात छोट्या हत्तीचा नमुना छापून आला. त्यावरून मार्गारेट यांनी फेल्टचे हत्ती शिवले आणि आत लोकर भरली. उपयोग काय, तर सुया आणि टाचण्या खोचून ठेवण्यासाठी पिनकुशन. ओळखीच्यांना ते भेट दिले गेले. पण घरातल्या मुलांनी ते खेळायला घेतले. मागणी वाढली आणि हत्ती विकायला जाऊ लागले. १८८० हे कंपनीच्या स्थापनेचं वर्ष मानलं जातं. १८८६ पर्यंत पाच हजारांहून अधिक हत्ती विकले गेले होते.

सपाट कापडातून प्राणी कसा तयार होतो?

अशा खेळण्याचं खरं कौशल्य कापणीत असतं. प्राण्याच्या दोन बाजू एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या कापल्या जातात. दोन्हींच्या मध्ये पोटाखालून एक तुकडा जोडला जातो. हा तुकडा नसेल तर प्राणी चपटा दिसतो आणि चार पायांवर उभा राहत नाही. त्याची रुंदी थोडी चुकली तरी पाय फाकतात. भरण कमी पडलं की मान लटकते, जास्त झालं की शिवण ताणली जाते.

आज लोकप्रिय असलेल्या क्रोशाच्या छोट्या प्राण्यांमध्ये हेच काम टाके करतात. टाके वाढवले की भाग फुगतो, कमी केले की निमुळता होतो. फेल्टमध्ये ही सगळी आकडेमोड कात्री लावण्याआधीच करावी लागते.

हत्तीनंतर माकड, गाढव, उंट, डुक्कर, कुत्रा, मांजर असे प्राणी आले. १८९२ मध्ये कंपनीचा सचित्र कॅटलॉग निघाला. मुलांच्या हातात उत्तम तेच जावं, हे मार्गारेट यांचं धोरण होतं आणि मालाच्या दर्जावर त्यांची स्वतःची नजर असे.

मग अस्वल कुणाचं?

अस्वलाचं डिझाइन मार्गारेट यांचं नाही. ते त्यांचे पुतणे रिचर्ड श्टाइफ यांचं. कलाशिक्षण घेतलेले रिचर्ड १८९७ मध्ये कंपनीत आले. श्टुटगार्टच्या प्राणिसंग्रहालयात बसून ते अस्वलांची रेखाटनं करत. १९०२ मध्ये त्यांनी मखमलीसारख्या केसाळ कापडाचं, हातपाय हलवता येणारं अस्वल तयार केलं. त्याचं नाव ५५ पीबी. यातला ५५ हा आकडा सेंटिमीटरमधल्या उंचीचा.

मार्गारेट यांना या अस्वलाबद्दल सुरुवातीला फारशी खात्री नव्हती, असं सांगितलं जातं. मात्र १९०३ च्या लाइपझिग जत्रेत एका अमेरिकी खरेदीदाराने तब्बल ३,००० अस्वलांची ऑर्डर दिली.

त्याच सुमारास अमेरिकेतही कापडी अस्वल आलं होतं. नोव्हेंबर १९०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला. त्यावर व्यंगचित्र आलं आणि ब्रुकलिनचे दुकानदार मॉरिस मिच्टम यांनी रूझवेल्ट यांच्या ‘टेडी’ या टोपणनावाने अस्वल विकायला काढलं. म्हणजेच नाव अमेरिकेतून आलं आणि अस्वल जवळपास एकाच वेळी दोन देशांत स्वतंत्रपणे तयार झालं.

कानातल्या बटणाचं कारण

माल खपू लागला तशा नकलाही आल्या. लांबून सारखंच दिसणारं खेळणं कुणाचं, हे ग्राहकाला कळणार कसं? १९०४ मध्ये मार्गारेट यांचे आणखी एक पुतणे फ्रान्झ यांनी उपाय काढला. प्रत्येक खेळण्याच्या कानात धातूचं बटण बसवायचं. पुढच्या वर्षी त्याची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी झाली.

१९०७ मध्ये कंपनीने सुमारे ९ लाख ७४ हजार अस्वलं बनवली. तेव्हा कारखान्यात सुमारे ४०० कामगार होते आणि आणखी सुमारे १,८०० जण घरून काम करत होते. जिच्या पोटापाण्याची घरच्यांना काळजी होती, तिच्या शिवणकामावर आता दोन हजारांहून अधिक लोकांची कमाई चालत होती.

९ मे १९०९ रोजी न्यूमोनियामुळे मार्गारेट यांचं निधन झालं. त्या ६१ वर्षांच्या होत्या. व्यवसाय पुतण्यांनी पुढे नेला. कंपनी आजही गिंगेनमध्येच आहे. २००५ पासून तिथे कंपनीचं संग्रहालयही आहे. श्टाइफच्या खेळण्याच्या कानात आजही ते बटण असतं.