खोरासानी नाव घेऊन चौलच्या मुलखात फिरणारा रशियन

कॉमिक कॉनला गेलेलं पोरगं दोन दिवस नारुटो असतं. लोक वळून बघतात, सेल्फी मागतात. रविवारी रात्री विग बॅगेत जातो, सोमवारी पोरगं परत कॉलेजात. सोंगाची खरी मजा हीच की ते हवं तेव्हा उतरवता येतं.

साडेपाचशे वर्षांपूर्वी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या एका माणसाला मात्र ही सोय नव्हती.

अफनासी निकितिन. रशियातल्या त्वेर शहरातला व्यापारी. व्होल्गा नदीतून माल घेऊन निघाला आणि अस्त्रखानजवळ तातारांनी त्याला लुटलं. गावी कर्ज, रिकाम्या हातानं परतणार कसा? मग गडी पुढंच सरकत राहिला. इराण, होर्मुझ आणि तिथून एक घोडा घेऊन गलबतानं थेट चौल. साल साधारण १४७०. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये, म्हणजे हा त्याच्या कितीतरी आधी.

चौलमध्ये गोरा माणूस बघायला लोक त्याच्या मागं मागं फिरायचे. तोही लोकांचं निरखून बघत होता. उघडी डोकी, उघडी अंगं, बायकांची एक वेणी, सरदाराच्या डोक्याला एक वस्त्र आणि कमरेला एक, सगळं त्यानं वहीत उतरवलं.

इथं त्याचं नाव होतं खोजा युसूफ खोरासानी. बहमनी राज्यात खोरासानहून आलेल्यांची चलती होती, तिथं हे नाव खपून जाणारं होतं.

पण जुन्नरला बिंग फुटलं. हा मुसलमान नाही, रशियन आहे, हे तिथल्या असदखानाला कळलं. त्यानं घोडाच काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा, नाहीतर घोडा गेलाच आणि दंड हजार मोहरा. मुदत चार दिवस. सगळं भांडवल त्या एका घोड्यात अडकलेलं! शेवटी खोजा मुहम्मद नावाचा एक माणूस मध्ये पडला, त्यानं खानाकडं रदबदली केली आणि घोडा सोडवून आणला. धर्मही वाचला. गंमत बघा, हा मुहम्मद अस्सल खोरासानी होता. नकली खोरासान्याला खऱ्यानं वाचवलं.

पुढं बिदरला त्यानं आपणहून मुखवटा काढला. मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, असं त्यानं ओळखीच्या हिंदूंना सांगितलं. त्यानंतर ते त्याच्यापासून खाणंपिणं, घरच्या बायका, काही लपवेनात. त्यांच्यासोबत तो श्रीशैलच्या यात्रेलाही जाऊन आला.

पण लुटीत धर्मग्रंथ गेलेले, त्यामुळं ईस्टर कधी येतो हेही त्याला कळेना. त्यानं मुसलमानांसोबत उपवास धरले. वहीत रशियन मजकुरात मध्येच तुर्की, फारसी, अरबी प्रार्थना येतात. तो मनातून कोण होऊन परतला, यावर अभ्यासक अजून भांडतात.

दाभोळहून तो परत निघाला, पण स्मोलेन्स्क गाठण्याआधीच वारला. वही तेवढी मॉस्कोला पोचली. चौलशेजारी रेवदंड्यात आज त्याचं स्मारक आहे. आणि १९५७ मध्ये भारत आणि सोव्हिएत रशियानं मिळून काढलेल्या 'परदेसी' सिनेमात ओलेग स्त्रिझेनोव्ह अफनासीच्या वेशात उभा राहिला, समोर नर्गिस.